रेघेबाहेरचं निळं

रविवार, ७ जानेवारी

मावशी,

नमस्कार गृहीत धर. हे पत्र सलोख्यासाठी नाही. एक माहिती हवी आहे, ती फक्त तुझ्याकडे आहे आणि तू माझा फोन उचलत नाहीस. पत्र निदान दाराच्या फटीतून आत येतं.

प्रश्न आधी लिहिते, म्हणजे पुढचं वाचायची इच्छा नसेल तर इथेच थांबता येईल. मामा कशाने गेला?

‘ताप डोक्यात गेला’ हे उत्तर मला पाठ आहे. लहानपणी विचारलं की तू तेच सांगायचीस आणि चादरींच्या घड्या घालायला घ्यायचीस. आता ते उत्तर पुरत नाही, कारण विचारणारी मी नाही. माझ्या डॉक्टर विचारताहेत.

तुला जे माहीत आहे आणि जे नाही, ते दोन्ही थोडक्यात सांगते. मी बाई म्हणून राहते. तुझ्या घरातून निघाले तेव्हा तुझा भाचा होते हे इथे फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि त्यांना त्याचं विशेष काही वाटत नाही. बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यात काम करते. वेल्डिंगचे सांधे तपासायचे. लोखंडावर जेल लावून ध्वनीचं यंत्र फिरवायचं. आत पोकळी किंवा चीर असेल तर पडद्यावर उंचवटा उठतो. वरून गुळगुळीत दिसणाऱ्या वस्तूच्या पोटात काय आहे, ते सांगण्याचा मला पगार मिळतो.

दर रविवारी सकाळी मी स्वतःला हार्मोनचं इंजेक्शन देते. आधी गोळ्या होत्या, त्या यकृताला मानवल्या नाहीत. गेल्या पावसाळ्यानंतर इंजेक्शन सुरू झालं. मांडीत, स्नायूत खोल द्यायचं. रक्ताचा एखादा थेंब कोणालाही येतो, तेवढं मला कळतं. माझं तसं नाही. सुई काढल्यावर कापसाचा बोळा दाबून धरला तरी तो भिजतो, आणि दुसऱ्या दिवशी मांडी निळी पडते.

डॉक्टर म्हणाल्या, “घरात आणखी कोणाला असं व्हायचं? आईच्या बाजूचं सांग. मामा वगैरे?”

मी म्हणाले, विचारून सांगते.

आई नाही, आजी नाही. राहिलीस तू. एका ओळीत लिहिलंस तरी चालेल. खाली सही नसली तरी चालेल.

मी कोणत्या नावाने सही करावी हे ठरत नाही, म्हणून तू ठेवलेलंच वापरते.

फुटपट्टी


रविवार, २८ जानेवारी

मावशी,

तुझ्याकडचं टपाल हरवत नाही. पोस्टमनशी तू दारात उभी राहून हुज्जत घालतेस, मी पाहिलं आहे. म्हणजे पत्र पोचलं. वाचलंही असशील, बंद पाकीट नुसतं ठेवून देणं तुझ्याच्याने होणार नाही.

कदाचित तुला वाटत असेल की मी हलगर्जीपणा करते, म्हणून रक्त येतं. तेव्हा पद्धत लिहिते. तू नर्स, एके काळी हेच काम करायचीस. चूक दिसली तर सांग.

खुर्चीवर बसते, पाय सैल सोडते. खुब्याचं हाड आणि गुडघा यांच्यामधल्या लांबीचे तीन भाग, त्यातला मधला घ्यायचा. त्यातही बाहेरची बाजू, पँटची शिवण येते तिच्या जरा पुढे. आतल्या बाजूला कधीच नाही. तिथे मोठ्या रक्तवाहिन्या आहेत. एका रविवारी उजवी मांडी, पुढच्या रविवारी डावी. कारखान्यात पत्र्यावर खडूने चौकटी आखतो तशा मी पेन्सिलीने मांडीवर आखते, म्हणजे त्याच जागी पुन्हा सुई जात नाही. सुई सरळ आत, औषध सावकाश, क्षणभर थांबायचं, सरळ बाहेर. मग दाबायचं. चोळायचं नाही.

यात दोष सापडेना म्हणून एकेक गोष्ट बदलत गेले. बारीक सुई घेतली. कातडीखाली शीर दिसते तिथून चौकट सरकवली. औषध कोमट केलं, हात आणखी सावकाश केला. रक्त कमी झालं नाही. कामावरही हेच चाललं आहे. एका सांध्यात दर वेळी दोष निघतो, तिसऱ्यांदा उकरून पुन्हा भरायला सांगितला. आमच्या वेल्डरला सगळे ठिणगी म्हणतात, स्वभावावरून. तो टोपी आपटून म्हणाला, “काय मॅडम, परत फेल? माझ्या हाताला लकवा भरलाय, की तुमच्या त्या डबड्याला?”

मी म्हणाले, “डबडं खोटं बोलत नाही.”

“मग मी बोलतो का खोटं? तिसऱ्यांदा तोच सांधा! लग्न मोडून परत लावावं तसं चाललंय!”

माझ्या मते दोष त्याच्या हातातच होता. रविवारी माझ्या मते दोष माझ्या हातात असतो. माझी शिस्त सारखी आहे.

तू टोचायचीस तेव्हा हे असलं काही लागत नसे. ओसरीवर बाकडं टाकलेलं असायचं, लोक ओळीने बसायचे, म्हणायचे की बाईंच्या हाताला गुण आहे. सुई लावायच्या आधी तू विचारायचीस, “गाढवाला शिंगं किती?” माणूस विचारात पडायचा आणि तेवढ्यात काम झालेलं असायचं. मी स्वतःला तो प्रश्न विचारून पाहिला. एकाच माणसाने विचारून आणि उत्तर देऊन उपयोग नसतो.

आणखी एक गोष्ट, जी लिहायची नव्हती. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. फक्त जे दिसतं ते सांगते. रविवारी सकाळी, लख्ख उजेडात, मी खुर्चीवर बसून सुई उचलते तेव्हा समोरच्या पलंगाची कड दबते. कोणीतरी बसल्यासारखी. आवाज नाही, सावली नाही. पण कोणत्या बाजूला किती वजन पडलं आहे यावरून बसणाऱ्याने डावा पाय लांब सोडला आहे हे कळतं.

गादी जुनी आहे. तेही कारण असू शकतं.

फुटपट्टी


रविवार, ११ फेब्रुवारी

मावशी,

मंगळवारी कामावर असताना मांडी ताठली. शिडीवरून उतरता येईना. आधी वाटलं, पाय आखडला. स्वच्छतागृहात जाऊन पाहिलं तर बाहेरची सगळी बाजू फुगून घट्ट झाली होती, आणि निळं गुडघ्याकडे उतरत होतं. इंजेक्शन रविवारचं, मंगळवारी हे. रक्त आत, स्नायूत, दोन दिवस सावकाश साठत होतं आणि बाहेर काही दिसत नव्हतं.

खिशात बॉलपेन होतं. मी निळ्याच्या कडेने रेघ ओढली, म्हणजे वाढतं का ते कळेल. ओढताना हात मध्येच थांबला. अशी रेघ मी आधी ओढली आहे.

मावशी, मी सहा वर्षांची होते, पण त्या खोलीत होते. तू विसरली असशील, किंवा मी विसरले असेन असं तुला वाटत असेल.

मामा ताप घेऊन घरी आला. तू सुया-सिरिंजांचा डबा उकळायला ठेवलास. म्हणालीस, “पालथा हो.”

तो म्हणाला, “बहिणीपुढे चड्डी उतरवू? लग्नाचं वय झालंय माझं. मांडीला दे.”

“मांडीला दुखतं रे.”

“दुखू दे. इज्जत तर राहील!”

आजी हसली, तू हसलीस, मीही हसले, काही न कळता. तू त्याला गाढवाचा प्रश्न विचारलास आणि तो म्हणाला, “आरशात बघून सांगतो.”

मग त्याचा पाय सुजला. मी फुटपट्टी घेऊन त्याच्या खाटेपाशी असायचे. तो कण्हायचा आणि मला बघून थांबायचा. म्हणायचा, “या साहेब, माप घ्या, नवी पँट शिवायची आहे. डावा पाय जरा ऐसपैस ठेवा.” मांडीवर निळं होतं. मी विचारलं, हे मोठं होतं का? तो म्हणाला, “रेघ मारून ठेव, उद्या बघू.” त्यानेच शर्टाच्या खिशातलं पेन दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहिलं आणि धावत तुझ्याकडे आले. तू स्वयंपाकघरात उभी राहून त्या लाल रबरी पिशवीत बर्फ भरत होतीस. मी ओरडले, “मावशी, निळं रेघेबाहेर आलं!” आनंदाने ओरडले. मला वाटलं होतं, मोजलं की शाबासकी मिळते.

तू मला थप्पड मारलीस. त्याआधी नाही आणि नंतरही कधी नाही. ती एकच.

मला शेजारी पाठवलं. परत आले तेव्हा खाट उभी करून भिंतीला लावली होती आणि ताप डोक्यात गेला होता.

बुधवारी सकाळी माझं निळं रेघेबाहेर दोन बोटं आलं होतं. आता उतरतं आहे. पण डॉक्टरांनी इंजेक्शन बंद केलं आहे. म्हणाल्या, “कारण कळेपर्यंत या मांडीत सुई जाणार नाही. साधी रक्ततपासणी काठावरची आली आहे. पुढची तपासणी लांबच्या प्रयोगशाळेत होते, ती लोक उगाच करत नाहीत. तुझ्या मामाचं खरं कळलं तर मला नेमकं काय शोधायचं ते कळेल. तुझी मावशी बोलेल का?”

मी म्हणाले, “बोलायला तिला कोणी अडवलेलं नाही.”

“हे उत्तर नाही झालं,” त्या म्हणाल्या.

फुटपट्टी


शनिवार, २ मार्च

मावशी,

आज फक्त आरशाबद्दल.

इंजेक्शन बंद झालं की काय होतं हे तुला कोणी सांगितलं नसेल. एका दिवसात काही होत नाही. आधी कातडी तेलकट होते. मग जबड्याखाली सावली येते, ती सकाळी काढली तरी संध्याकाळी परत येते. गालाच्या आतून काहीतरी ओसरतं. दुसऱ्या कोणाला दिसत नाही. ठिणगीसुद्धा म्हणाला, “मॅडम, जागरण झालं का?” एवढंच.

मला दिसतं. सगळे म्हणायचे ना, हुबेहूब मामा. आज सकाळी आरशात तो होता. दाढी करायची राहिलेली, झोप नीट न झालेली. मी नळ सोडला, तोंड धुतलं, परत पाहिलं. तसाच.

मी घर सोडलं तेव्हाचं तुझं जिन्यातलं बोलणं मी रागाने ऐकलं होतं. तू म्हणालीस, “सगळं कर. नाव बदल, कपडे बदल, मी लोकांची तोंडं धरीन. त्याचा चेहरा तेवढा राहू दे. माझ्याकडे दुसरा नाही.” मी म्हणाले, “चेहरा माझा आहे,” आणि बॅग उचलली.

अजूनही माझंच बरोबर होतं. पण तू माझ्यावर चिडली नव्हतीस, घाबरली होतीस, हे आज कळलं. तो आरशात आल्यावर मला एक क्षण वाटलं, तुला बोलावून दाखवावं.

त्या एका क्षणाचं मला भय वाटलं. मला इंजेक्शन परत हवं आहे, मावशी. तो माझ्या तोंडावर राहायला येण्याआधी.

फुटपट्टी


रविवार, १७ मार्च

मावशी,

पार्सल मिळालं.

पाकिटावर तू नाव म्हणून नुसतं ‘फुटपट्टी’ लिहिलंस. इमारतीचा रखवालदार ते घेऊन मजल्यामजल्यावर फिरला. माझ्या दारात म्हणाला, “ताई, इथे कोणी स्टेशनरीचं दुकान काढलंय का?” मी म्हणाले, माझंच आहे. तो माझ्याकडे पाहून म्हणाला, “हां, उंचीवरून वाटतं खरं.”

आत चिठ्ठी शोधली. कागद झटकून पाहिला. काही नव्हतं. फक्त ती लाल रबरी पिशवी. टोकाला भेगा पडलेल्या, पत्र्याचं झाकण गंजून बसलेलं. इतकी वर्षं तू ती ठेवलीस. कुठे ठेवली होतीस? त्या घरातला प्रत्येक कोनाडा मी मापलेला आहे आणि मला ती कधी सापडली नाही.

मी ती तशीच डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली.

“हे काय?”

“मामाची माहिती. मावशीने पाठवली.”

“आणि काय म्हणाली?”

“हेच म्हणाली.”

त्यांनी पिशवी उचलली, उलटसुलट पाहिली. त्यांना हसू येईल असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, “ताप डोक्यात गेला असं तू सांगितलं होतंस. तापाला बर्फ कपाळावर ठेवतात.”

“ही मांडीवर होती,” मी म्हणाले. मग सगळं सांगितलं. इंजेक्शन, निळं, रेघ. थप्पड सांगितली नाही. त्यांनी त्याच वेळी तपासणीचा कागद लिहिला आणि रक्त स्वतः काढलं. काढल्यावर कोपर बराच वेळ दाबून धरलं, जणू निकाल आधीच कळला होता.

धन्यवाद म्हणणं मला जमत नाही. पिशवीचं झाकण सोडवलं आहे. तेल घालून, कळ सोसून, न मोडता.

फुटपट्टी


रविवार, ३१ मार्च

मावशी,

निकाल आला. स्वच्छ लिहिते.

आजाराचं नाव हिमोफिलिया. रक्त गोठायला जे घटक लागतात त्यांतला एक माझ्यात कमी आहे. अगदी नाही असं नाही, म्हणून मला ‘सौम्य’ म्हणतात. असा माणूस रोजच्या जगण्यात धडधाकट असतो. खरचटलं तर थोडं जास्त रक्त येतं, दात काढल्यावर दोन दिवस थुंकीत येत राहतं, आणि कोणाच्या लक्षात येत नाही. स्नायूत खोल सुई गेली, किंवा कुठे चाकू लागला, तर मात्र रक्त थांबायचं विसरतं. हे आईकडून येतं. मुली ते पुढे नेतात, बहुतेकदा त्रास होतो मुलांना. म्हणजे आजीकडून मामाला, आणि आजीकडून आईला, आईकडून मला. तपासणीच्या कागदावर मला जन्माच्या वेळच्या ‘पुरुष’ या रकान्यात खूण करावी लागली. या एका बाबतीत मी तुझा भाचा आहे. केली खूण. पेन चाललं.

आता त्या सांध्याचं सांगते. ठिणगीने तो चौथ्यांदा भरला, मी चौथ्यांदा तपासला, तोच दोष तिथेच. तो काही बोलला नाही, नुसता हातमोजे काढून उभा राहिला. त्याचा आरडाओरडा मला चालतो, गप्प बसणं चालेना. जेवायच्या सुट्टीत मी यंत्र सांध्यावरून उचललं आणि बाजूच्या कोऱ्या पत्र्यावर ठेवलं. नियमाने हे सगळ्यात आधी करायचं असतं. पत्रा पोलाद कारखान्याचा तपासणीचा शिक्का घेऊन आला होता म्हणून मी ते सोडलं होतं. पत्र्याच्या पोटात थर सुटलेला होता. वर दिसत नाही, खाली दिसत नाही, मधोमध सुटलेला. त्याच्यावर जगातल्या कोणाही कारागिराने सांधा भरला असता तरी तो फेलच गेला असता. काखेत कळसा आणि गावाला वळसा. ठिणगीला दाखवलं. तो पडद्याकडे बघत म्हणाला, “म्हणजे दोन महिने मी घरी जाऊन बायकोला म्हणत होतो की माझा हात गेला, ते फुकटच?”

तिथे उभी असताना मला तू आठवलीस.

मामानंतर तू सुई हातात धरली नाहीस. बाकडं तोडून सरपण केलंस. दवाखान्यात चादरींच्या कोठारात बदली मागून घेतलीस. लोक आले तर दार लावायचीस, आणि मला वाटायचं तू दमलेली असतेस. ‘माय मरो आणि मावशी जगो’ असं शेजारीण माझ्याकडे बघून म्हणायची, तेव्हा तू म्हणायचीस, “मावशीचं काही खरं नाही.” मी ते थट्टेत घ्यायचे.

तुला वाटत आलं की डबा पुरेसा उकळला नाही. किंवा जागा चुकली. त्याने हट्ट केला आणि तू कमरेऐवजी मांडीला दिलंस. तू हे मला कधी सांगितलं नाहीस, मी अंदाज लिहिते आहे, पण माझा अंदाज चुकत असेल तर ही पिशवी तू जपून ठेवली नसतीस.

मी डॉक्टरांना विचारलं. कमरेला दिलं असतं तर? त्या म्हणाल्या, “तिथेही हेच झालं असतं. तो मोठा स्नायू आहे, कदाचित उशिरा कळलं असतं.” डबा दिवसभर उकळला असता तर? “रक्ताला डब्याशी घेणं नाही.”

दोष हातात नव्हता, मावशी. पत्र्यातच होता.

तूही तपासून घे. दात काढायचा असेल, काही कापायचं असेल, तर त्याआधी.

माझं इंजेक्शन परत सुरू होणार आहे. मांडीतच, पण स्नायूत नाही. आखूड सुई, कातडीची चिमूट धरायची, खालच्या चरबीत द्यायचं. एका अटीवर: नंतर बराच वेळ दाबून धरायचं आणि बर्फ जवळ ठेवायचा. चौदा तारखेच्या रविवारी पहिलं. औषध आणून ठेवलं आहे. मी ते एकटीने करू शकते.

करू शकते, एवढंच लिहिते.

फुटपट्टी


मंगळवार, १६ एप्रिल

मावशी,

गाडीत चढताना तू म्हणालीस, “मी तिथे काय काय बोलले ते लिहून पाठव. मला माझंच ऐकू येत नव्हतं.” म्हणून तू इथे असतानाचंच तुला लिहिते आहे.

रविवारी सकाळी मी दार उघडलं. तुझं पहिलं वाक्य, “लिफ्ट बंद आहे तुमची.” दुसरं, माझ्याकडे नीट न बघता, “किती वाळलीस.” मग तू कोपरापर्यंत हात धुतलेस, जुन्या पद्धतीने, नळ मनगटाने बंद करून. मी सगळं मांडून ठेवलं होतं. तू सिरिंज उचललीस, उजेडात धरलीस, हवा काढलीस. तिथपर्यंत हात तुझाच होता. मग सुई माझ्या मांडीपाशी येऊन थांबली.

“मला नाही जमायचं,” तू म्हणालीस.

मी म्हणाले, “टोचायला नाही बोलावलं तुला. दाबायला बोलावलं.”

“बोलावलंस कुठे? ढीगभर पत्रं लिहिलीस, त्यात ‘ये’ एवढं एक अक्षर लिहवलं नाही तुझ्याच्याने.”

“तूही रबराची पिशवी पाठवून मोकळी झालीस.”

“मग? एकाच घरचं पाणी,” तू म्हणालीस आणि सिरिंज माझ्या हातात दिलीस.

तू पलंगाच्या कडेला बसलीस. नेमकी तिथे. मी सांगितलं नव्हतं. कड दबली आणि मी पाहिलं. या वेळी तू होतीस, आणि तुझा डावा पाय लांब होता, कारण गाडीत तुझा गुडघा धरला होता. एवढंच कारण. मी चिमूट धरली. तेव्हा तू विचारलंस, “गाढवाला शिंगं किती?” आणि मावशी, मी खरंच विचारात पडले. सुई कधी आत गेली ते मला सांगता येणार नाही.

मग तू बोळा दाबलास. तळहाताने, सगळं वजन देऊन. माझ्याकडे न बघता बोललीस ते असं:

“मोठ्या दवाखान्यात नेलं त्याला. तिथला डॉक्टर म्हणाला, इंजेक्शनचं गळू झालंय, कापून पू काढू. मी म्हटलं, निळं आहे, गळू लाल असतं. तो म्हणाला, बाई, तुम्हीच टोचलंय ना? मग गप्प राहा. कापलं. पू नव्हताच. नुसतं रक्त. थांबेना. मी असंच धरलं होतं दाबून, असंच. कमी येत होतं गं, मला हाताखाली कळत होतं, कमी येत होतं. त्यांनी माझे हात काढले. म्हणाले, नर्स आहात, असं काय करता, मागे व्हा. मी मागे झाले.”

थोड्या वेळाने मी म्हणाले, डॉक्टरांनी सांगितलेला वेळ झाला.

“घड्याळाला गप्प बसव,” तू म्हणालीस.

मी बसवलं. तू हात काढलास तेव्हा माझा पाय बधिर झाला होता. बोळ्यावर एक ठिपका होता. शर्टाच्या गुंडीएवढा, आणि तो वाढत नव्हता. तेव्हा तू पहिल्यांदा माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलंस. खूप वेळ. हनुवटीपासून वर गेलीस, परत खाली आलीस. मी हलले नाही. म्हणालीस, “यात आता काही राहिलं नाही त्याचं. आला म्हणत होतीस आरशात, पण नाही. मी ओळखते ना.”

तू बोळा खिडकीशी धरलास.

“हे मात्र त्याचंच,” म्हणालीस.

वापरलेला बोळा वेगळ्या डब्यात टाकायचा असतो. तू तो रुमालात बांधून तुझ्या प्रवासाच्या पिशवीत ठेवलास. मी नियम सांगितला नाही.

निघण्याआधी तू माझ्या खिशातलं बॉलपेन काढून मांडीवर रेघ ओढलीस. वाकडीतिकडी. तुला कधी सरळ रेघ आली नाही. मी हसले तर तू हात उगारलास, आणि तिथेच थांबवून माझ्या गालावर ठेवलास.

आज सकाळी पाहिलं. निळं आहे. रेघेच्या आत आहे.

पलंगाच्या कडेला आज कोणी बसलं नाही. मी थोडा वेळ वाट पाहिली.

फुटपट्टी